भाषा गमावलेला संगीतकार : शेबालिन यांचं प्रकरण

1959 साली मॉस्कोतल्या सत्तावन्न वर्षांच्या एका संगीतकाराला मेंदूचा दुसरा झटका आला. उजवं अंग लुळं पडलं आणि भाषा गेली. भाषा गेली म्हणजे नुसती जीभ जड झाली असं नाही. समोरचा माणूस बोलतोय हे कळायचं, आवाज ऐकू यायचा, पण त्या आवाजातून शब्द हाती लागत नव्हते. वस्तू समोर धरली तर नाव सापडायचं नाही, ऐकलेलं वाक्य पुन्हा म्हणून दाखवता यायचं नाही. याच माणसाने पुढच्या साडेतीन वर्षांत नव्या रचना लिहिल्या, शिष्यांच्या तपासल्या आणि 1962 मध्ये आपली पाचवी सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीची मोठी रचना, पूर्ण केली.

त्यांचं नाव विस्सारिओन शेबालिन. संगीत आणि भाषा यांचं मेंदूतलं नातं काय, असा विषय निघाला की हे नाव हमखास येतं आणि बहुतेक वेळा एका वाक्यात उरकलं जातं: भाषा गेली, संगीत राहिलं, म्हणजे दोन्ही वेगळी. मला हे उरकणं पटत नाही. या प्रकरणातून तेवढं सिद्ध होत नाही. शिवाय माणसाला संगीत मुळात आवडतं कशाने, या प्रश्नाकडे ते जसं नेतं, त्याकडे कुणी फारसं बघत नाही.

रुग्ण

शेबालिन यांचा जन्म 1902 चा, सायबेरियातल्या ओम्स्कचा. मॉस्को कंझर्व्हेटरी या संगीत महाविद्यालयात ते संगीतकार म्यास्कोव्हस्की यांच्याकडे शिकले, पुढे तिथेच शिकवू लागले आणि 1942 मध्ये संस्थेचे संचालक झाले. प्रसिद्ध सोव्हिएत संगीतकार शोस्ताकोविच त्यांचे जवळचे मित्र. शोस्ताकोविच यांचं दुसरं स्ट्रिंग क्वार्टेट (चार तंतुवाद्यांसाठीची रचना) शेबालिन यांनाच अर्पण केलेलं आहे. एकोणिसाव्या शतकातले रशियन संगीतकार मुसोर्गस्की यांचा अपुरा राहिलेला एक ऑपेरा शेबालिन यांनी पुरा केला होता. दुसऱ्याच्या अर्धवट आराखड्यावरून त्याच्याच धाटणीत पुढे लिहिणं हे किती अवघड काम असतं, ते संगीत लिहिणाऱ्यालाच ठाऊक. सोफिया गुबाइदुलिना आणि एडिसन देनिसोव्ह यांच्यासारखे पुढे गाजलेले संगीतकार त्यांच्या हाताखालून गेले.

फेब्रुवारी 1948 मध्ये सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाने ठराव करून काही संगीतकारांवर 'औपचारिकतावादी', म्हणजे जनतेपासून तुटलेले, असा ठपका ठेवला. त्या यादीत शोस्ताकोविच, प्रोकोफिएव्ह, खाचातुरियान यांच्या बरोबरीने शेबालिन यांचंही नाव होतं. संचालकपद गेलं. त्यानंतर 1953 मध्ये पहिला झटका आला. अपमानाने झटका आला असं लिहायचा मोह पुष्कळांना होतो, पण पाच वर्षांच्या अंतराने घडलेल्या दोन गोष्टींना असं जोडायला काही आधार नाही.

पहिला झटका सौम्य होता. उजवा हात, चेहऱ्याची उजवी बाजू आणि बोलणं यांवर परिणाम झाला, पण बोलणं बऱ्यापैकी परतलं. उजव्या हाताचा भरवसा राहिला नाही, तेव्हा ते डाव्या हाताने लिहायला शिकले. 1957 मध्ये त्यांचा एक ऑपेरा मॉस्कोतल्या बोल्शॉय नाट्यगृहाच्या रंगमंचावर आला. मग 1959 चा झटका आला, आणि तो सौम्य नव्हता.

तपासणी

त्यांना तपासणारे मेंदू-मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया हेही 1902 चेच, कझानचे. दुसऱ्या महायुद्धात डोक्याला गोळी किंवा छर्रा लागलेले शेकडो सैनिक लुरिया यांनी तपासले होते. मेंदूच्या नेमक्या कुठल्या भागाला इजा झाली की भाषेतलं नेमकं काय बिघडतं, याचा त्यांच्याइतका बारीक अभ्यास त्या काळी क्वचितच कुणाचा असेल. त्यांनी, ल्युबोव्ह त्स्वेत्कोवा आणि फ्यूतेर यांनी मिळून 1965 मध्ये एका आंतरराष्ट्रीय मेंदूविज्ञान नियतकालिकात शेबालिन यांच्यावर लेख लिहिला. तेव्हा शेबालिन जाऊन दोन वर्षं झाली होती.

लुरिया यांच्या चाचण्या दिसायला साध्या असतात. 'नाक दाखवा' म्हटलं की रुग्णाने नाक दाखवायचं. 'डोळा दाखवा' म्हटलं की डोळा. मग 'डोळा, नाक, कान' असं एका दमात सांगायचं आणि तोच क्रम राहतो का बघायचं. काही रुग्णांना सुटा शब्द एखाद वेळी जमतो. दोन-तीन एकत्र आले की पहिलाही हातचा जातो. शब्द कानावर पडतो, ओळखीचा वाटतो, आणि अर्थाला जाऊन भिडायच्या आत परका होतो.

दुसरी चाचणी ध्वनींची: 'ब' आणि 'प', 'द' आणि 'त' यांतला फरक कळतो का? रशियन कानाला इथे दोनच खाने लागतात. मराठी कानाला प, फ, ब, भ असे चार लागतात, आणि ते आपल्याला इतके स्वच्छ वेगळे वाटतात की ते शिकावे लागले होते याची आठवणही राहत नाही. पण ते शिकलेलेच असतात. लुरिया यांचं म्हणणं असं की, आपल्या भाषेचे ध्वनी असे खान्यांत टाकणारं ऐकणं हे एक स्वतंत्र कौशल्य आहे, आणि उजव्या हाताने काम करणाऱ्या बहुतेक माणसांत ते डाव्या कानशिलामागच्या भागावर अवलंबून असतं. स्वरांची उंची आणि दोन स्वरांमधलं अंतर ऐकण्याची सोय वेगळी आहे.

शेबालिन यांची स्वतःची तक्रारही लेखात नोंदलेली आहे. ती तुटक वाक्यांत आहे. आशय असा की, शब्द ऐकू येतात का, हो, येतात. पण स्पष्ट नाहीत, पकडता येत नाहीत. कधी जमतं, पण अर्थ लागत नाही. वाचाघाताचे, म्हणजे मेंदूच्या इजेने भाषा गेलेले, सगळेच रुग्ण आपल्या दुखण्याचं असं वर्णन करू शकत नाहीत. ज्याने आयुष्यभर कानावर पोट भरलं, त्याला आपल्या ऐकण्यात नेमकं काय हरवलंय हे शब्द नसतानाही सांगता आलं, याचं मला नवल वाटतं.

पुढे त्यांना फिट्सही येऊ लागल्या. मे 1963 मध्ये ते गेले. शवविच्छेदनात डाव्या गोलार्धात, टेम्पोरल (कानशिलाकडचा) आणि पॅरायटल (त्याच्या वरचा) भागांत, मोठी जुनी इजा सापडली. तपासणीतून जो अंदाज बांधला होता, तो बरोबर ठरला.

काय उरलं होतं

आपल्याकडेही घरात अर्धांगवायूचा रुग्ण असला की पुष्कळांनी हे पाहिलेलं असतं: आजोबांना स्वतःचं नाव सांगता येत नाही, पण संध्याकाळी आरती सुरू झाली की ते शब्दासकट म्हणतात. रामरक्षा येते, पाढे येतात, वारांची नावं ओळीने येतात, कधी रागाच्या भरात एक सणसणीत शिवीही येते. घरच्यांना वाटतं, बोलणं परत आलं. दुसऱ्या क्षणी 'पाणी हवं का?' विचारलं की पुन्हा तीच धडपड. स्वीडनमध्ये 1745 साली ऊलोफ दालिन यांनी अशाच एका माणसाची नोंद करून ठेवली आहे. उजवं अंग गेलेलं, बोलणं गेलेलं, पण स्तोत्रं गाता येत होती.

शेबालिन यांचं प्रकरण याहून वेगळं आहे, आणि हा फरक बहुतेक ठिकाणी निसटतो. आरती हे लहानपणापासून घोटलेलं पाठांतर. ते एकदा सुरू झालं की आपल्या वेगाने पुढे जातं. पुढचा शब्द निवडावा लागत नाही. सिंफनी लिहिताना प्रत्येक ठिकाणी निवड करावी लागते. चाळीस-पन्नास वाद्यांपैकी आता कोण वाजवणार, पहिल्या भागात मांडलेली धून तिसऱ्या भागात कुठल्या रूपात येणार, तणाव किती लांबवायचा, मूळ स्वरावर कधी परतायचं, हे सगळं डोक्यात एकाच वेळी धरून ठेवावं लागतं. 'डोळा, नाक, कान' हा क्रम ज्याच्या हातून निसटत होता, त्याने हे केलं.

ते जमलं असं शोस्ताकोविच यांचंही मत होतं. आजारपणात लिहिलेली ही सिंफनी त्यांनी थोर उस्तादाची कृती म्हणून नावाजली. मित्राचं मत म्हणून थोडी सूट धरली, तरी शोस्ताकोविच यांचा कान सूट देणारा नव्हता. सिंफनी म्यास्कोव्हस्की या गुरूंच्या स्मृतीला अर्पण आहे. शिष्यांच्या रचना ऐकणं, कुठे बिघडलंय ते दाखवणं, दुरुस्त करणं हेही चालू होतं. वर्गात त्यांचं बोलणं किती कळत असेल हा प्रश्नच आहे, पण पियानोवर बसून चुकीचा स्वरमेळ (एकत्र वाजणारे स्वर) बदलून दाखवायला वाक्य लागत नाही.

मग दोन्ही वेगळी का?

इथे लगेच 'हो' म्हणण्याआधी थांबायला हवं.

पहिली हरकत नेहमीची: शेबालिन हे चाळीस वर्षांचे व्यावसायिक संगीतकार. इतक्या सरावाने मेंदूत संगीताची जागा वाढली, दोन्ही गोलार्धांत पसरली, म्हणून एका बाजूची इजा पचली. ही हरकत दमदार वाटते, पण तिला रावेल आडवे येतात. फ्रेंच संगीतकार मोरिस रावेल यांचाही सराव शेबालिन यांच्याइतकाच. 1930 च्या दशकात त्यांना हळूहळू वाढणारा मेंदूविकार जडला. बोलणं आणि लिहिणं ढासळत गेलं. मेंदूविकारतज्ज्ञ तेओफिल आलाजुआनीन यांनी त्यांना तपासून पुढे 1948 मध्ये त्यावर लिहिलं. रावेल यांना धून ओळखता येत होती, वाजवताना केलेली चूक लगेच कळत होती. पण स्वरांची नावं सांगणं, ऐकून स्वरलिपी लिहिणं, समोरची स्वरलिपी वाचून वाजवणं हे जवळजवळ गेलं होतं. डोक्यात अख्खा ऑपेरा आहे, पण तो कधी कागदावर उतरणार नाही, असं ते जवळच्यांना सांगत. डिसेंबर 1937 मध्ये मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर ते गेले. म्हणजे सराव असूनही संगीत जाऊ शकतं. इजा कुठे आणि कशी होते, यावर ते ठरतं.

आणखी एक प्रकरण मला सगळ्यांत टोकदार वाटतं. 1987 मध्ये फ्रान्समध्ये एका अंध ऑर्गनवादकाचं प्रकरण प्रसिद्ध झालं. झटक्यानंतर त्याला ब्रेल लिपीतले शब्द वाचता येईनात, पण ब्रेलमधली स्वरलिपी वाचता येत होती. शब्दांचं ब्रेल आणि स्वरांचं ब्रेल वेगवेगळ्या चिन्हांत नसतं. तेच सहा टिंबांचे खाने, बोटही तेच, कागदही तोच. टिंबं अक्षरं म्हणून आली की अडायची, स्वर म्हणून आली की उलगडायची.

उलट बाजूचेही रुग्ण आहेत. मॉन्ट्रियलच्या इझाबेल पेरेत्झ यांनी 2002 मध्ये 'मोनिका' या टोपणनावाने एका बाईंचं प्रकरण मांडलं. शिकलेल्या, पेशाने परिचारिका, बोलणं-वाचणं ठणठणीत. पण धून कधी ओळखता आली नाही आणि दोन स्वरांतला थोडासा चढउतार कळत नव्हता. त्यांच्या कानाचाही दोष नव्हता आणि शिक्षणाचाही. जन्मजात अशी स्वरांधता असलेल्यांचं प्रमाण आता सुमारे दीड टक्का धरलं जातं. आपण जिला सहज 'गाण्याचा कान नाही' म्हणून चिडवतो ती व्यक्ती बहुधा यांतली नसते. ती फक्त बेसूर गाते, ऐकताना तिला सगळं कळतं.

तर दोन्ही दिशांनी दाखले आहेत, मग प्रश्न सुटला? नाही. 2001 मध्ये लाइपझिगच्या संशोधकांनी दाखवलं की, ओळीत न बसणारा स्वरमेळ अचानक आला की मेंदूत जी प्रतिक्रिया उमटते, तिचा उगम ब्रोका भागात आणि त्याच्या उजवीकडच्या जोडीदारात असतो. ब्रोका भाग म्हणजे डाव्या गोलार्धातला, वाक्यरचनेशी ज्याचं नाव पिढ्यान् पिढ्या जोडलं गेलं तो. संगीत आणि मेंदूचे अभ्यासक अनिरुद्ध पटेल यांनी 2003 मध्ये यावर एक तोडगा सुचवला. भाषेचं भांडार आणि संगीताचं भांडार वेगळं. पण घटकांना ओळीत बसवून पुढच्याशी जोडायचं काम जिथे होतं ती जागा सामायिक. चाळीतल्या दोन बिऱ्हाडांचं सामान वेगळं, चूल वेगळी, पण नळ एक. एका बिऱ्हाडाला आग लागली तर दुसरं वाचू शकतं. नळ बंद झाला तर दोघांची पंचाईत. 2008 मध्ये पटेल आणि सहकाऱ्यांनी वाक्यरचनेत अडखळणाऱ्या रुग्णांना स्वरमेळांच्या क्रमातही अडचण येते असं दाखवलं. या हिशेबाने शेबालिन यांचं बिऱ्हाड जळलं होतं, नळ शाबूत होता.

मला हे पटत आलं होतं, पण 2023 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या एका गटाने उलट पुरावा मांडला. प्रत्येक माणसाचे भाषेचे भाग आधी नेमके शोधून मग त्याला संगीत ऐकवलं, तर ते भाग संगीताला जेमतेम प्रतिसाद देतात. तीव्र वाचाघात असलेल्या रुग्णांनाही धून नीट बांधलेली आहे की मध्येच घसरली आहे, हे ओळखता येत होतं. त्याआधी 2015 मध्ये 10 जणांना 165 प्रकारचे आवाज ऐकवून केलेल्या प्रयोगात श्रवणभागात संगीताला खास प्रतिसाद देणारा एक घटक सापडला होता, बोलण्याला देणारा वेगळा. हा वाद अजून चालू आहे. आजच्या घडीला मी एमआयटीवाल्यांकडे थोडा जास्त झुकतो. एका मोठ्या भागात दोन दिवे लागले म्हणजे दोन्हींची तार एकच असं होत नाही, हा त्यांचा मुद्दा खणखणीत आहे.

पण एक नातं कुणीच नाकारत नाही, आणि ते शिकण्याच्या पद्धतीत आहे. 1996 मध्ये जेनी सॅफ्रन आणि सहकाऱ्यांनी आठ महिन्यांच्या बाळांना निरर्थक अक्षरांची एक सलग माळ फक्त दोन मिनिटं ऐकवली. मध्ये विराम नाही, जोर नाही. कुठल्या अक्षरानंतर कुठलं येण्याची शक्यता जास्त, एवढ्यावरून बाळांनी त्यातले 'शब्द' वेगळे काढले. 1999 मध्ये तोच प्रयोग अक्षरांऐवजी स्वरांवर केला, आणि बाळांनी तिथेही तेच केलं. भाषा असो की संगीत, मूल आधी ऐकतं, मनात हिशेब ठेवतं आणि पुढे काय येणार याचा अंदाज बांधू लागतं. मोठेपणी जागा वेगळ्या झाल्या, तरी कामाची रीत एक आहे. माझ्या मते आनंदाचा धागा इथूनच सुरू होतो.

गोडी कुठे असते

वर सगळं कौशल्याबद्दल झालं. पण ओळखता येणं वेगळं आणि आवडणं वेगळं. याचा पुरावा हवा तर 2004 मध्ये इंग्लंडमधून आलेलं एक प्रकरण बघावं. बावन्न वर्षांचा रेडिओ निवेदक, रख्मानिनॉव्ह यांचे पियानोचे तुकडे त्याच्या जिवाभावाचे. ते ऐकताना तो भारावून जायचा. त्याला झटका आला तोही डाव्या बाजूचा, आणि बोलणं गेलं. ते हळूहळू परत आलं. मग लक्षात आलं की तेच तुकडे ऐकून आता काही होत नाही. स्वर कळतात, लय कळते, धून ओळखता येते. अंगावर काटा येत नाही. इजा इन्सुला नावाच्या आतल्या घडीपर्यंत पोहोचली होती. शेबालिन यांची ही जवळजवळ उलटी बाजू: शब्द परतले, गोडी गेली.

रावेल यांच्याबद्दल आलाजुआनीन यांनी नेमकं उलट नोंदवलं आहे. लिहिणं-वाजवणं गेलं तरी आस्वाद घेण्याची क्षमता कमी झालेली नव्हती. सुंदर काय आणि सुमार काय हे त्यांना पूर्वीइतकंच जाणवत होतं.

काही माणसांत ही तार जन्मापासूनच सैल असते. बार्सिलोनाच्या संशोधकांनी 2014 मध्ये दाखवलं की, काही निरोगी माणसांना संगीत नीट ऐकू येतं, त्यातला भाव दुःखाचा की आनंदाचा हेही कळतं, पण त्यातून सुख मिळत नाही. हे लोक सगळ्याच बाबतीत कोरडे असतील अशी शंका येते; पण पैसे जिंकण्याच्या खेळात त्यांचं शरीर इतरांसारखंच उचंबळत होतं. पुढे 2016 मध्ये आढळलं की संगीत ऐकताना श्रवणभाग आणि न्यूक्लियस अक्यूम्बन्स यांच्यातला संवाद त्यांच्यात क्षीण असतो. न्यूक्लियस अक्यूम्बन्स हे बक्षिसाच्या यंत्रणेचं एक मुख्य ठाणं. अन्न, पैसा, कामसुख यांचा हिशेब तिथे लागतो.

या यंत्रणेतलं रसायन डोपामिन. 2011 मध्ये मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी संगीत ऐकून अंगावर काटा येणाऱ्या लोकांना त्यांच्याच आवडीचं संगीत ऐकवलं. तो क्षण यायच्या आधी कॉडेट या भागात डोपामिन वाढलं, आणि प्रत्यक्ष क्षणी न्यूक्लियस अक्यूम्बन्समध्ये. प्रयोगात माणसं आठच होती, म्हणून त्यावर इमले बांधू नयेत. पण 2019 मध्ये दुसऱ्या एका गटाने 27 जणांना डोपामिन वाढवणारं आणि अडवणारं औषध वेगवेगळ्या वेळी देऊन बघितलं, तर पहिल्याने संगीताचं सुख वाढलं आणि दुसऱ्याने घटलं. आता आधार बऱ्यापैकी पक्का आहे.

आधी आणि प्रत्यक्ष, हे दोन टप्पे आपल्या बैठकीत उघड्या डोळ्यांनी बघता येतात. विलंबित एकताल चालू आहे. गायक आवर्तनाच्या मध्यापर्यंत आलापात रमलेला आहे, आणि आता इतक्या थोड्या मात्रांत हा मुखड्यावर येणार कसा, याची समोरच्या रांगेला काळजी लागते. कुणाच्या बोटांवर मात्रा चालू असतात. दहावी मात्रा गेली. कुणी पुढे सरकून बसतं, कुणाचा हात मांडीवरून वर उठतो. मुखडा उचलला जातो, सम येते, हात खाली पडतो आणि 'वा' निघते. वा समेवर निघते, पण हात तिच्या आधीच उठलेला असतो. शेजारी पहिल्यांदाच ख्याल ऐकायला आलेला मुलगा असेल तर त्याला आवाज आवडेल, तबला आवडेल. पण या प्रसंगातलं त्याला काही मिळत नाही. त्याच्या डोक्यात बारा मात्रांचा नकाशाच नाही, तर अपेक्षा कशाची करणार?

माझा मुद्दा एवढाच की बक्षिसाची यंत्रणा प्राचीन आणि सगळ्यांची, पण तिला हात घालणारी अपेक्षा मात्र कानांनी शिकलेली असते. 2019 मध्ये लोकप्रिय इंग्रजी गाण्यांतल्या स्वरमेळांवर झालेल्या एका अभ्यासाचा निष्कर्षही याच बाजूचा आहे. पुढे काय येणार याची खात्री असताना वेगळंच काही आलं तर सुख होतं, आणि काहीच अंदाज नसताना बरोबर जागी पाऊल पडलं तरी सुख होतं. बोलिव्हियाच्या जंगलपट्टीतल्या त्सिमाने लोकांवरचं 2016 चं काम याला जोड देतं. पाश्चात्य कानाला खुपणारे स्वरमेळ त्यांना खुपत नाहीत. गोड आणि खुपणारे दोन्ही सारखेच चालतात. म्हणजे 'निसर्गतःच गोड' म्हणून जे सांगितलं जातं त्यातलंही बरंच सवयीचं आहे.

मग हे सगळं माणसात आलं कशासाठी? डार्विन यांनी 1871 मध्ये कबूल केलं होतं की संगीताचा आनंद आणि स्वर काढण्याची क्षमता यांचा माणसाला रोजच्या जगण्यात काही उपयोग दिसत नाही, आणि मग भाषेच्या आधी प्रेमाराधनासाठी गाण्यासारखं काही होतं असा तर्क केला. मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन पिंकर यांनी 1997 मध्ये संगीताला कानांचं चीजकेक म्हटलं: दुसऱ्या कामांसाठी घडलेल्या यंत्रणांना गुदगुल्या करणारा पदार्थ, स्वतःचं जैविक काम नसलेला. या वादात माझा जीव रमत नाही. दोघांच्याही म्हणण्याची थेट परीक्षा घेता येत नाही, आणि गाणं आढळलं नाही असा समाज अजून सापडलेला नाही, ही वस्तुस्थिती दोन्ही तर्कांत सारखीच बसते. जिवंत माणसाच्या मेंदूत जोडण्या कुठून कुठे जातात, हे बघणं जास्त हाताला लागतं.

शेबालिन यांच्याकडे परत

या नकाशावर शेबालिन कुठे बसतात? स्वरांचं भांडार शाबूत, ते जुळवण्याचं काम शाबूत, शब्दांचं भांडार उद्ध्वस्त. एवढं इजेच्या जागेवरून आणि रचनांवरून म्हणता येतं. गोडीबद्दल मात्र थेट काही नाही, अप्रत्यक्ष पुष्कळ आहे. लुळं अंग, फिट्स, दमणूक, आणि समोर कुणी मागणी घेऊन बसलेलं नसताना डाव्या हाताने स्वर मांडत राहणं. नुसतं कौशल्य शिल्लक असलेला माणूस असं करत नाही. इंग्लंडमधल्या त्या निवेदकाचं कौशल्यही शिल्लक होतं, पण त्याला ते संगीत पुन्हा पूर्वीसारखं ओढत नव्हतं.

उपचारांच्या बाजूने या प्रकरणाचा बराच गैरवापर झालाय. 1973 मध्ये बोस्टनमध्ये वाक्यं सुरात म्हणवून घेण्याची एक पद्धत आली. उजवा गोलार्ध गातो, त्याच्या आधाराने डाव्याचं बोलणं परत आणायचं, असा विचार. काहींना तिचा उपयोग झाला. पण 2011 मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी गाणं, लयीत म्हणणं आणि साधं बोलणं यांची तुलना केली, तेव्हा मदत सुरापेक्षा लयीने आणि पाठ असलेल्या शब्दांनी होत असल्याचं दिसलं. आजोबांची आरती येते याचंही श्रेय बहुधा चालीपेक्षा पाठांतराला आणि टाळ्यांना जास्त. शेबालिन यांच्याबाबत तर उरलेल्या संगीताने भाषेला ओढून आणलं नाही. शेवटपर्यंत दोन्ही आपापल्या जागी राहिली.

त्यांना आज तपासता आलं असतं, तर गोडी मोजायची कशी हा पेच मात्र उरलाच असता. यासाठीचं प्रचलित साधन बार्सिलोनाच्या गटाने 2013 मध्ये तयार केलेली प्रश्नावली आहे. त्यात वीस विधानं असतात; प्रत्येक वाचायचं आणि आपल्याला कितपत लागू पडतं ते ठरवायचं. शेबालिन यांना पहिल्या विधानाचा अर्थ लागला नसता. त्यांच्या बोटांना त्वचेची विद्युतवाहकता मोजणारे इलेक्ट्रोड लावून, त्यांच्याच सिंफनीचं ध्वनिमुद्रण वाजवून, संगीताच्या कुठल्या जागी घाम फुटतो ते बघावं लागलं असतं.